नात्यांची गाणी मराठवाड्याच्या चालीवर: आमच्या नव्या अल्बमबद्दल बोलायचंय

गोदाकाठचा हलगीवाला

रामराम मंडळी. परभणी-मानवत भागातले आम्ही काही जण मिळून लोकगीतं वाजवतो. हलगी, संबळ, तुणतुणं, पेटी, एक गिटार अन् गाणाऱ्या दोघी. आजवर जत्रा, लग्नं, गणपती अशा ठिकाणी देवीची गाणी अन् पोवाडेच जास्त झाले. आता एकाच विषयावर आठ गाण्यांचा अल्बम करायलोत. विषय आहे नाती.

विषय सांगितला की समोरचा धरूनच चालतो, प्रेमाची गाणी असणार. रेकॉर्डिंग करणाऱ्यानंबी पहिलं तेच विचारलं. पण आपल्या भागातली जुनी गाणी गोळा करायला बसलो तर नवरा-बायकोच्या प्रेमाचं थेट गाणं हाताला लागेना. लागली ती बहीण-भावाची, माय-लेकीची, सासू-सुनेची, शेजीची. नवरा येतो तो ‘हौशा’ म्हणून, चुड्या-कुंकवाच्या आडून. ज्याचं नावच घ्यायचं नाही त्याच्यावरचा राग गायचा कसा? मग तो राग रुक्मिणीच्या तोंडी दिला. रुक्मिणी रुसते, विठ्ठल जनीकडं दळू लागायला जाऊन बसतो, अन् दळणारी बाई त्या दोघांच्या भांडणात आपल्या घरातलं सगळं बोलून घेते. गंगाखेड आम्हाला जवळ. जनाबाईचं गाव. तिथल्या बायका तिच्याबद्दल बोलतात ते गल्लीतल्या लेकीबद्दल बोलावं तसं. हे गाणं आम्ही अल्बमात पहिलं घेतलंय.

बाकी मुऱ्हाळी भावाचं, म्हणजे बहिणीला सासरहून न्यायला येणाऱ्या भावाचं एक, हळदीतल्या विहिणीचं एक, शेजीचं म्हणजे शेजारणीचं एक, नातू अन् आजीचं एक, ऊसतोडीच्या जोडप्याचं एक, माय-लेकीच्या ओव्या. ह्यातली काही जुनी, काही आम्ही जुन्या चालीवर नवी बांधलेली. शेवटचं गाणं पूर्ण नवं आहे, त्याचं नाव ‘हक्कसोड’. बहिणीनं भावाच्या नावानं जमिनीचा हिस्सा सोडला, त्याच्यावर. धृपद असं आहे:

सातबाऱ्यावरलं नाव, दादा पुसूनी टाकिलं
पंचमीला यायाचं दार, तेवढं उघडं राखिलं

चाल मुऱ्हाळीच्या जुन्या गाण्याचीच ठेवली. मुद्दाम. आधी भाऊ न्यायला आल्याचं गाणं ऐकायचं अन् शेवटाला त्याच चालीवर हे.

आमच्यातच यावरून दोन तट पडले. एक म्हणतो जुनं गोड गाणं खराब करू नका. दुसरा म्हणतो हेच खरं गाणं. तुम्ही ऐकणारे, गाणारे लोक. मोकळं बोला. अन् जात्यावरच्या ओव्यांना ताल कुणाचा धरावा, हेबी सांगा, कारण तिथं आमची गाडी अडलीय.

जात्यावरली

दादा, ओव्यांचं आधी बोलते. माझी आई अंबाजोगाईजवळच्या खेड्यातली. तिचा आवाज अजून चांगला आहे आणि जातंही घरात आहे.

जात्यावरच्या ओवीला ताल बाहेरून द्यायचा नसतो, हे पहिलं ध्यानात घ्या. दोघी समोरासमोर बसतात, एक पाय लांब सोडून. खुंट्यावर दोघींचे हात. खुंटा एकीकडून ओढला जातो, दुसरीकडून ढकलला जातो, आणि त्या ओढण्या-ढकलण्यात ओळ बसते. मध्येच एक जण डाव्या हातानं जात्याच्या तोंडात वैर, म्हणजे मूठभर दाणे, घालते. त्या क्षणाला फेरा किंचित जड होतो आणि गळाही तिथं थांबतो. म्हणून ओवीची ओळ कधी लांबते, कधी आखडते. दाणे संपत आले की जातं हलकं फिरतं, चाल आपोआप चढते. तुम्ही कानात टिकटिक लावून गायलात तर शब्द तेच राहतील पण दम निघून जाईल.

दुसरं म्हणजे ओवी एकटीची नसते. एक ओळ सोडते, दुसरी उचलते. सासू-सून एकाच जात्यावर बसलेल्या असत आणि सून तोंडावर बोलू शकत नव्हती ते ओवीत सासूच्या देखत बोलायची. सासूही त्याच जात्यावर उत्तर द्यायची. दळण संपलं की विषय संपला. अशी बोलायची जागा घरात दुसरी कुठं होती? सासू-सुनेचं गाणं तुमच्या यादीत मला दिसलं नाही. ते घ्या. आणि दोघींनी गाऊ द्या, कोरस नको.

शेजीच्या गाण्यासाठी आईची एक ओवी देते. चालली तर घ्या:

शेजीबाई पुसी, डोळं तुझं का गं भरलं
वलं सरपण बाई, आज चुलीत सारलं

यात शेजीलाही कळलेलं असतं की सरपण ओलं नव्हतं. ती पुढं विचारत नाही. पण दुपारी वाटीभर कालवण घेऊन येते. शेजीचं नातं म्हणजे एवढंच आणि इतकं मोठं. कृपा करून या ओवीवर बासरी टाकू नका.

पुणेस्थित नांदेडकर

धागा वाचून बरं वाटलं. ज्यांना मूळ आवाज ऐकायचे आहेत त्यांच्यासाठी: हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या पुढं आहे. पुढं बर्नार्ड बेल यांच्यासोबत बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) ही वेबसाइट त्या मराठी शब्दांसह आणि आवाजासह प्रकाशित करत आहे. त्यात आपल्या भागातलं पुष्कळ आहे. ताडकळसचं आहे, माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेलं आहे.

माजलगावच्या त्या ओव्या अल्बम करणाऱ्या प्रत्येकानं ऐकाव्यात असं मला वाटतं. त्या बायका बाबासाहेबांना घरातलं माणूस मानून गातात. जयंतीच्या व्यासपीठावरचा आवेश त्यात नाही. घरातल्या कर्त्या माणसाबद्दल बोलावं तसा जिव्हाळा आहे. नात्यांच्या अल्बमात हे नातं नसेल तर मराठवाड्याचा अल्बम म्हणवून घेता येणार नाही.

साउंडवाला

रेकॉर्डिंगच्या बाजूनं बोलतो. ताईंचं म्हणणं बरोबर आहे, पण टिकटिक न लावता घेतलं की नंतर कापाकापी करता येत नाही, हे गटानं आधीच कबूल करून बसावं. ओवी एका दमात, अखंड घ्यायची. चुकली तर पहिल्यापासून.

माझा सल्ला, स्टुडिओत नकाच घेऊ. घरात घ्या. मातीची किंवा शेणानं सारवलेली जमीन असेल तर उत्तम, फरशीवर आवाज आदळतो. एक माइक दोघींच्या मध्ये, वर टांगलेला, आणि एक जात्याच्या जवळ पण जमिनीला न टेकलेला. जमिनीला टेकला तर घरघर एवढी येईल की गळा बुडेल. जात्याचा आवाज वेगळा घेऊन खाली फिरवत ठेवायचा मोह टाळा. ऐकणाऱ्याला चार फेऱ्यांत कळतं की हे तेच तेच आहे.

हलगी ओव्यांत नको. मुऱ्हाळीच्या गाण्यात घ्या आणि शेकायची सोय जवळ ठेवा. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं. पहिल्या कडव्याची हलगी आणि चौथ्या कडव्याची हलगी दोन वाद्यं वाटतात. दर वेळी घेण्याआधी शेकून, त्याच माणसानं, त्याच अंतरावरून वाजवायची.

केजकर

मी ‘हक्कसोड’बद्दल बोलतो, आणि जरा कडक बोलतो, राग मानू नका.

मुऱ्हाळीचं गाणं आमच्या घरी पंचमीला झोक्यावर गायलं जातं. आमच्या गल्लीत लिंबाला दोर बांधतात, सासुरवाशिणी येतात, रात्री फेर धरतात. माझ्या आजीला यातली दहा-दहा कडवी पाठ होती. भाऊ न्यायला येतो, सासू धाडायला कां-कूं करते, बहीण दारात उभी राहून वाट बघते. आमच्याकडं म्हणतात ते एक कडवं लिहितो:

बंधू माझा मुऱ्हाळी, आला पंचमीच्या सणा
सासूबाईला इच्यारितो, कधी धाडता बहिणा

त्या चालीवर तुम्ही सातबारा आणि फेरफार गाणार? गाणं हे माणसाला जोडायला असतं. कोर्टकचेरीचं बोलायला वर्तमानपत्रं आहेत. उद्या एखाद्या गावात पंचमीला कुणी तुमचं गाणं मोबाइलवर लावलं तर भाऊ-बहीण एकमेकांकडं कसं बघतील, याचा विचार केला का? आमच्या भागात आधीच दुष्काळानं आणि कर्जानं घरं विस्कटलीत. बारा एकराचं दोन एकरावर आलंय. त्यात बहिणीचा हिस्सा काढला तर भावाला राहतं काय? ज्या बहिणी सोडतात त्या मायेनं सोडतात. त्या मायेवर संशय घेणारं गाणं मला नको.

लातूरची वकील

केजकर दादा, तुमची कळकळ कळते. पण तुमच्याच शब्दांतून सुरू करते. बहिणी मायेनं सोडतात. काही खरंच मायेनं सोडतात. माझ्यासमोर रोज ज्या बसतात त्यातल्या बऱ्याच जणी माहेर तुटेल या धास्तीनं सोडतात. आई-बाप गेले की दिवाळी-पंचमीला बोलावणारं माणूस एकच उरतं, भाऊ. त्याला नाराज केलं तर परत दारात पाय ठेवायचा कुठं?

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण गाण्यात चुकीचं जाऊ नये. महाराष्ट्रानं १९९४ सालीच दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ साली वडील हयात नव्हते म्हणून लेकीचा हक्क जात नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत. म्हणजे हक्क आहे. तो सोडायला नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं.

ते कसं होतं तेही गाणाऱ्यांनी एकदा बघावं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात भाऊ सगळ्यांच्या पुढं असतो, त्यानं गाडी करून बहिणींना आणलेलं असतं, चहा पाजलेला असतो. बहिणी एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसतात. पदर नीट करतात, कारण फोटो निघणार असतो. मशीनवर अंगठा टेकवतात, उमटला नाही तर लिपिक म्हणतो, ‘मावशी, बोट पुसा.’ मग तलाठ्याकडं फेरफार होतो आणि नाव कमी होतं. त्यानंतर साडी-चोळी होते. हॉटेलात जेवण होतं. सगळे हसत असतात. हलगीवाले दादा, एक कडवं त्या साडीवर लिहा. पत्र झालं त्या दिवशीची साडी बायका वर्षानुवर्षं जपतात, ते मी पाहिलंय.

भावाला व्हिलन करू नका, एवढंच सांगेन. त्याच्याकडंही दोनच एकर असतात, हे केजकरांचं म्हणणं खरं आहे.

जात्यावरली

वकीलताईंना अनुमोदन. केजकर दादा, जुनी ओवी सगळी गोड होती हे मला मान्य नाही. भावजयीवरच्या ओव्या ऐका. बहीण दारात आली की भावजय कशी आत निघून जाते, भाऊ कसा बायकोच्या तोंडाकडं बघून बोलतो, हे सगळं आपल्या आज्यांनी गायलंय. ओवीतली बहीण चोळीच मागते, कारण मागता येण्यासारखं तिच्या हाती तेवढंच होतं. आता सातबारा तिच्या हाती आलाय, तर ओवीत सातबारा येणारच. आज्या असत्या तर त्यांनीही गायला असता.

रानवारा

बीड जिल्ह्यातला आहे. माय-बाप ऊसतोडीला जायचे. तुमच्या यादीत ऊसतोडीच्या जोडप्याचं गाणं आहे म्हणून लिहायलो.

आमच्याकडं ‘कोयता’ म्हणलं की नवरा-बायको दोघं. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती एका कोयत्याला, म्हणजे जोडीला. एकट्याला उचल नाही, निदान आमच्याकडं नव्हती. त्यामुळं बारक्या वयात लग्नं लावून दिली जायची, कारण जोडी झाली की उचल मिळते. हे नातं उचलीच्या कागदावर सुरू होतं. दिवाळी झाली की गाड्या निघतात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. फडात कोपी, म्हणजे राहायची झोपडी, उभी करायची. पहाटे अंधारातच तोडायला लागायचं. बाप तोडायचा, माय मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत न्यायची. दिवसभर दोघं एकमेकांच्या चार हातांवर असायचे अन् दिवसभरात चार वाक्यं बोलायचे नाहीत. पण बापाला हाताच्या इशाऱ्यावरून कळायचं की मायची पाठ भरून आलीय, मग तो मोळी बारकी बांधायचा. बारकी मोळी म्हणजे खेपा जास्त, वेळ जास्त. तरी बांधायचा. हे गाण्यात आणा. हेच आमच्याकडचं नवरा-बायकोचं प्रेम. तुम्हाला थेट गाणं सापडलं नाही म्हणालात ना, ते असं असतंय.

आजी-नातवाचं गाणं ठेवलंत ते फार चांगलं केलं. आम्ही भावंडं सहा महिने आजीपाशी. शाळेच्या फॉर्मवर पालकाच्या सहीच्या जागी तिचा अंगठा. चैत्रात माय परत आली की माझा धाकटा भाऊ तिच्याजवळ जायचा नाही, आजीचा पदर धरून उभा राहायचा. मायला ते कसं लागायचं हे मला आता कळतंय. ते गाणं आजीच्या बाजूनं आहे का मायच्या? माझ्या मतानं दोन्ही बाजूनं पाहिजे.

गोदाकाठचा हलगीवाला

रानवारा भाऊ, बारक्या मोळीचं तुम्ही लिहिलं ते वाचून आमची गाणारी उठून बाहेर गेली. तिचेबी माय-बाप फडात होते. परवानगी असंल तर ते कडव्यात घेतो. आजीचं गाणं आत्ता आजीच्याच बाजूनं आहे. मायचं कडवं घालतो.

तांड्यावरून

किनवट तालुका. मी गोर बंजारा. धागा चांगला आहे पण एक गोष्ट राहतेय. मराठवाड्यातली नाती म्हणलं की तांडे विसरायचे, हे नेहमीचं. नांदेड, हिंगोली, परभणी, जालना, बीड, सगळीकडं तांडे आहेत.

आमच्याकडं लग्नात ‘ढावलो’ असतो. नवरी गळ्यात पडून रडत गाते. एकेका माणसाच्या गळ्यात पडते, आईच्या, बापाच्या, भावाच्या, काकीच्या, मैत्रिणींच्या, आणि प्रत्येकाला वेगळं गाते. त्या माणसानं तिच्यासाठी काय केलं ते त्यात येतं. लहानपणी तिला मोठ्या बाया हे शिकवतात. रडणं आणि गाणं वेगळं करता येत नाही. मी लहान असताना मला वाटायचं बाई खरंच मोडून पडली. मोठा झाल्यावर कळलं की ती मोडूनही पडलेली असते आणि चालही चुकत नसते. नात्यांचा अल्बम आणि ढावलो नाही, हे बरं दिसत नाही.

पण घ्यायचा तर गोरबोलीत घ्या, मराठी करू नका. गाणारी तांड्यावरची घ्या. आणि चार ओळी मध्येच टाकून खाली गिटार वाजवायची असेल तर नका घेऊ. होळीच्या लेंगी गाण्यांचं तसं झालंय. नंगारा आणि थाळी दिसायला छान दिसते म्हणून स्टेजवर आणतात आणि गाणं दुसरंच वाजवतात.

खुलताबादी

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. आमच्या खुलताबादेत उरुसाला कव्वाली ऐकायला येणारे पुष्कळ, पण घरातल्या बायकांचं गाणं बाहेर फारसं येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण सगळे हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळं दख्खनी बोली इथल्या घराघरांत आहे. लग्नात ‘ढोलक के गीत’ असतात. हळदीला, मेंदीला बायका ढोलक मांडीत घेऊन बसतात आणि समधनला, म्हणजे तुमच्या विहिणीला, असं काही घेरतात की विचारू नका. तुमच्या हळदीतल्या विहिणीच्या गाण्याला याची जोड द्या. एक कडवं मराठीत, एक दख्खनीत. आमच्या मोहल्ल्यात अजूनही दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या हळदीला जातात, त्यामुळं हे ओढूनताणून केल्यासारखं वाटणार नाही.

आणि जात्याचं म्हणाल तर दख्खनमध्ये सूफींनी चक्कीनामे रचले ते दळणाऱ्या बायकांसाठीच. चक्कीच्या फेऱ्यावर अल्लाचं नाव. तुमची ‘जात्या ईश्वरा’ म्हणणारी बाई आणि आमची चक्कीवर जिक्र करणारी नानी, दोघींचा खुंटा एकच असावा.

तुळजापूरचा संबळ

उशिरा आलो. दोन गोष्टी.

एक, संबळ कुठं वापरणार ते नीट ठरवा. संबळ देवीच्या दारातला आहे. गोंधळात आई येते ती लेकरांच्या हाकेला, म्हणून मला तरी संबळ माय-लेकराच्या गाण्यात शोभतो असं वाटतं. विहिणीच्या गाण्यात ढोलकच ठेवा. तुमच्या परभणीच्याच गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदमांचं आख्यान ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे की संबळ किती हळू वाजू शकतो. लोकांना फक्त त्याचा दणका माहीत झालाय. कथेत बाई रडत असली की ते दोन बोटांवर आणत.

दोन, नातं हा विषय आपल्याकडं नवा नाही. पैठणच्या नाथांनी भारुडात सासू, सासरा, नणंद, दादला सगळे आणले आणि त्यांच्या नावानं परमार्थ सांगितला. लोक हसले, कारण घरचीच माणसं होती. अभ्यास करणाऱ्यांमध्ये डॉ. प्रभाकर मांडे सरांनी आयुष्यभर या कलावंतांच्या पालांवर जाऊन काम केलं. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी ते गेले. ते लोकगीताकडं बघताना आधी ते कुणाचं, कोणत्या विधीत, कुणी कुणासाठी गायचं, हे बघायचे. तुमच्या अल्बमात प्रत्येक गाण्याखाली एवढं तरी लिहा. आणि जिच्याकडून घेतलं तिचं नाव आणि गाव. ‘पारंपरिक’ एवढं लिहून मोकळे होऊ नका. पारंपरिक म्हणजे बेवारस असं समजून आमच्या आराधी, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या, बायांची गाणी किती जणांनी नेली याला गणती नाही. आमच्या एका मावशीचं गाणं एका मोठ्या कंपनीच्या रीमिक्समध्ये आलं, तिला ते भाच्यानं मोबाइलवर दाखवलं तेव्हा कळलं.

लातूरची वकील

संबळ दादा म्हणतात त्याला कायद्याचा आधार आहे. गाणं पारंपरिक असलं, त्याचा कवी ठाऊक नसला, तरी ते गाणाऱ्या बाईचा त्या गायनावर स्वतःचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तो कलावंताचा हक्क म्हणून आहे आणि ५० वर्षं चालतो. २०१२ च्या दुरुस्तीनं नाव लागण्याचा आणि मानधनातल्या वाट्याचा हक्कही पक्का केला. त्यामुळं रेकॉर्डिंगच्या आधी साध्या मराठीत एक पानाचा करार करा आणि त्यांना वाचून दाखवा. हक्कसोडीवर गाणं करायचं आणि गाणाऱ्या मावशीकडून कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा, असं होऊ नये. मसुदा मी करून देते, पैसे नकोत.

केजकर

सगळं वाचलं. दोन-तीनदा वाचलं.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण कामून एवढं लागलं ते सांगतो. माझ्या दोन्ही बहिणींनी सह्या दिल्यात. आम्ही मागितल्या नव्हत्या, वडिलांनी जाण्याआधी सांगितलं होतं अन् त्या आपण होऊन आल्या. वकीलताईंनी साडीचं लिहिलं. साडी घ्यायला मीच गेलो होतो त्यांना घेऊन. त्यांनी महागाची घेतली नाही. दुकानदार वरची काढायला लागला तर थोरली म्हणाली, राहू द्या, हीच बरी हाय. त्या दिवशी मला त्यात काही वाटलं नव्हतं.

गाणं करा. मुऱ्हाळीच्याच चालीवर करा. फक्त भावालाबी एक कडवं द्या. त्याला काय म्हणायचंय ते मला नीट सांगता येत नाही, तुम्ही लोक बांधू शकता.

रानवारा

केजकर अण्णा, ‘हीच बरी हाय’ हे कडव्यात आलंच पाहिजे.

गोदाकाठचा हलगीवाला

मंडळी, काल रात्री सगळे बसून धागा मोठ्यानं वाचला. आता जे ठरलं ते लिहितो.

‘हक्कसोड’ राहणार अन् शेवटालाच राहणार, चालबी तीच. केजकर अण्णा, तुमचं म्हणणं पटलं म्हणून भावाचं कडवं घालायलोत, पण बहिणीचं एकबी कडवं मऊ करणार नाही. कॅमेऱ्यासमोर पदर सारखा करणं, बोट पुसणं, साडी, हे तिघं आले. भाऊ शेवटाला काय म्हणतो ते अजून बसलेलं नाही. तो माफी मागत नाही, एवढं नक्की. तो बहुतेक तिला नुसता ‘यंदा लवकर ये’ म्हणंल.

सासू-सुनेच्या ओव्या घेतल्या, त्यामुळं गाणी नऊ झाली. विहिणीच्या गाण्यात दख्खनी कडवं येणार. खुलताबादी भाई, ढोलकवाल्या खालाजान कुणी मिळतील का, व्यनि (खासगी निरोप) करा. भीमरायाच्या ओव्यांसाठी माजलगावलाच जाऊन विचारणार, तिथल्या बायांनी होकार दिला तर त्यांच्याच आवाजात. आमच्या गाणाऱ्यांनी ते गाऊन चालणार नाही असं दोघींनीच सांगितलं.

ढावलो ह्या अल्बमात घेत नाही. तांड्यावरून दादा, तुम्ही म्हणालात तसं चार ओळींत ते होणार नाही, अन् पूर्ण घ्यायचं तर त्याला वेगळं रेकॉर्डिंग, वेगळा वेळ, गोरबोली कळणारं माणूस पाहिजे. तुम्ही संगं असाल तर त्याचं वेगळं काम करू. मनापासून म्हणायलो.

गिटार तीन गाण्यांतून काढली. गिटारवाला आमचा धाकटा, नाराज झाला, पण ऊसतोडीच्या गाण्यात ती एकटीच ठेवली तेव्हा खुलला. तिथं बाकी काहीच वाद्य नाही.

जात्यावरली ताई, ओव्यांचं तुमच्या आईकडंच करावं म्हणतो. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, झाली की आमची माणसं शेतातून जरा मोकळी होतात, तेव्हा येऊ. करार वकीलताईंच्या मसुद्यावर होईल, तुम्ही आधी आईंना वाचून दाखवा. जातं तुमचंच वापरायचं का आम्ही इकडून घेऊन यावं?

तांड्यावरून

ठीक आहे. घाईनं केलं नाही हेच बरं. आमच्या याडीला, म्हणजे आईला, विचारतो. होळीच्या दिवसांत नका येऊ, सगळे लेंगीत असतात, त्यानंतर या.

जात्यावरली

जातं आमचंच. आणलेल्या जात्यावर आई गाणार नाही, तिनं आत्ताच सांगितलं. पण बऱ्याच वर्षांत दळलेलं नाही, त्याला टाकी लावून घ्यावी लागेल, म्हणजे छिन्नीनं दगड पुन्हा खरखरीत करावा लागेल. टाकी लावणारे पूर्वी दारावर यायचे, आता शोधावे लागतात. परळीकडं एक जण आहेत असं कळलंय, त्यांना निरोप धाडते. तुम्ही येताना ज्वारी आणा, गहू नको. गव्हाला जातं वेगळं बोलतं. आणि सासू-सुनेच्या ओव्यांना आईसमोर कोण बसणार ते ठरवून या. ती म्हणते, समोरचीनं दळता यायला पाहिजे, नुसतं गाता येऊन चालणार नाही.